आठवं पीस, डावा पंख

मिठाच्या तिसऱ्या वाफ्यात सापडलं,
कडेला, जिथं समुद्र आटत आटत
पांढरी साय धरतो.
पिसं इथं रोजच सापडतात, गोझोच्या या किनाऱ्यावर,
बहुतेक कुरवांची. ती मी वाऱ्याला देऊन टाकते.
हे दिलं नाही.
का, ते विचारू नका.
ॲप्रनच्या खिशात ठेवलं, चाव्यांबरोबर.

घरी पोराची शाळेतली पट्टी काढली.
एकशे सव्वीस मिलिमीटर, टोक थोडं झिजलेलं.
एका बाजूचं पातं अरुंद, सुरीसारखं, दुसरं रुंद:
म्हणजे पंखाचं, आणि पंखातही बाहेरच्या ओळीचं.
टोक पुढं धरलं की अरुंद बाजू डावीकडे.
डावा पंख.
इथवर कुणालाही येतं.

पुढं दोन होले उभे राहतात.
एक चर्चच्या तारेवर बारमाही बसणारा,
गळ्यात काळी पट्टी, आवाज कंटाळलेला.
दुसरा एप्रिलात समुद्र ओलांडून येणारा,
रात्रभर खरनूबाच्या झाडात टेकून
पहाटे उत्तरेला निघणारा. आमची गामिएमा.
एकाची कड राखाडी, दुसऱ्याची गव्हाळ,
पण उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं
कड अगोदरच चाटून नेलेली.

म्हणून विस्तिनकडे गेले,
रुमालात मिरी लावलेल्या चीजच्या चार वड्या घेऊन.
एक्याऐंशी वर्षांचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
त्यानं पीस पाहिलंच नाही,
खालच्या ओठावरून फिरवलं, हळू,
चव घेतल्यासारखं.
"बाहेरून मोजलं तर तिसरं," म्हणाला,
"आतून मोजलं तर आठवं. गामिएमाचं.
तारेवरच्याचा दांडा जाड असतो."

मग मला खिडकीशी उभं केलं.
"तिरपं धर. पट्ट्या दिसतात?"
दिसल्या. फिकट, गडद, फिकट, गडद,
शेतात नांगर वळल्यासारख्या.
"एक पट्टी म्हणजे एक दिवस, एक रात्र.
एवढं एवढं वाढतं ते."
मधोमध एक रेघ होती, केसाएवढी,
जिच्यातून उजेड आरपार येत होता.
"उपाशी दिवस," विस्तिन म्हणाला.
"हे पीस तिकडं उगवलं, वाळवंटाखाली कुठंतरी.
त्या दिवशी तिला दाणा मिळाला नाही."

मी हिशोब करत राहिले:
तो दिवस इथं कोणता असेल? जानेवारी?
मी कदाचित पाव भाजत होते.

विस्तिननं एप्रिलच्या चाळीस पहाटा
दगडी आडोशात काढल्यात, मांडीवर बंदूक.
त्याची वही मी पाहिलीय. एका सकाळपुढं एकतीस.
पोटाची पिसं कार्मेना उशीत भरायची.
"आणि पंखांची?"
"ती टोचतात," तो म्हणाला. "कुंपणापलीकडं फेकायचो."
त्याच्या हातात ते पीस होतं अजून.
तो ते गोल गोल फिरवत होता.

देठाचं टोक अखंड होतं, चावलेलं नव्हतं.
मी म्हटलं, म्हणजे ती सुटली.
मांजरानं किंवा ससाण्यानं धरली असेल, आणि सुटली.
पीस गळायचा हा महिना नव्हे, हे मलाही माहीत होतं,
पण म्हटलं.

"एक पीस गेलं तरी उडते," विस्तिन म्हणाला.
"दोन गेली तरी.
तीन गेली की जरा वाकडी जाते, पण जाते."
त्यानं पीस परत केलं,
माझा तळहात चाचपून, नीट मधोमध ठेवून.
"किती गेली की पडते ते मला माहीत आहे," म्हणाला,
आणि चीज कापायला सुरी मागितली.

आता ते आमच्या मोजमापाच्या वहीत आहे,
मे महिन्याच्या पानावर, जिथं मी
किती पोती, किती पैसे ते लिहिते.
त्याच्याखाली लिहिलंय: गामिएमा. डावा. आठवं.
पुढं नर की मादी, ते मोकळं सोडलंय.
पीस तेवढं सांगत नाही.
त्या पानाला मिठाचा वास येतो,
आणि वही पूर्ण मिटत नाही.